अर्धं पुस्तक एडिसनला, अर्धं शिकागोला

शिकागो,
५ जानेवारी २०२५

श्री. पंडित मेश्राम यांस,

जय भीम. जय भीम मी सगळ्यांनाच करतो, तेव्हा त्यातून वेगळा अर्थ काढू नये.

आपला मेलचा पत्ता माझी भाची रोशनी हिने दिला. फोन करायचा नाही, फक्त लिहायचं, अशी तिची सक्त ताकीद आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तिने ओहायोतल्या डब्लिनहून आपल्या दोघांना एका कॉलवर घेतलं, त्याचं काय झालं हे ठाऊकच आहे. आधी फोन कोणी आपटला यावरही आपलं एकमत व्हायचं नाही.

विषय ताईच्या पुस्तकाचा आहे. ताई म्हणजे माझी मोठी बहीण रमाबाई, रोशनीची आई. विसरला असाल म्हणून सांगतो, एडिसनला नवीन होतो तेव्हा आपण दोघं तिच्याच हातचं पिठलं-भाकर खाऊन जगलो. इथे जन्मलेल्या आपल्या पोरांना मराठी यावं म्हणून ती दर रविवारी तळघरात वर्ग घ्यायची आणि त्यांच्यासाठी गाणी लिहायची. एक्याण्णव साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीला, त्या गाण्यांचं पुस्तक काढायचं आपण दोघांनी अंगावर घेतलं. अर्धी गाणी आपल्या ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवर, अर्धी माझ्या. कंपन्या वेगळ्या, प्रिंटर वेगळे, प्रिंटरच्या भाषाही वेगळ्या. ज्याची पानं देखणी दिसतील त्याच्या प्रिंटरवर सगळं पुस्तक काढायचं, असं ठरलं होतं. जयंतीचा दिवस आला, हॉल भरला, समोसे संपले, पुस्तक काही आलं नाही. तेव्हापासून अर्धं पुस्तक एडिसनला आहे आणि अर्धं शिकागोला.

ताई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, रोशनीकडेच राहते. रोशनी म्हणते, हल्ली गाताना ती मधलीच कडवी गाळते, आणि विचारलं की हसून विषय बदलते. विसरायला लागली आहे. तिने हाताने लिहिलेली पानं माझ्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा लगदा होऊन गेली. म्हणजे पूर्ण गाणी आता फक्त आपल्या फ्लॉपींवर उरली आहेत. जयंतीच्या आदल्या दिवशी, रविवारी १३ एप्रिलला, तिथल्या कोलंबसच्या विहारात जयंतीचा कार्यक्रम आहे. त्या दिवशी पुस्तक ताईच्या हातात पडावं अशी रोशनीची इच्छा आहे. ताईला यातलं काही सांगितलेलं नाही.

आपला अर्धा भाग मला पाठवावा. मी जोडून घेईन.

आपला,
राकेश गजभिये


एडिसन,
९ जानेवारी २०२५

प्रिय राकेश (प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून),

जय भीम. "यांस", "आपला", "काढू नये"! काहून बे, शिकागोची थंडी डोक्यात गेली का? तुझ्या पत्रातले पहिले दोन परिच्छेद वाचून मला वाटलं, कुणीतरी नोटीस पाठवली.

माझा भाग तुला पाठवणार नाही. थेट रोशनीला पाठवीन. तुझ्या हातात दिला तर तू त्याचे ठिपके करशील. तुझ्या प्रिंटरची ती पीसीएल भाषा म्हणजे दुसरं काय होतं? प्रिंटरला हुकूम सोडायचे: इथे थांब, हा ठिपक्यांचा ठसा उमटव, पुढे सरक. ठसा ज्या मापाचा तयार केला त्याच मापाचा राहणार. जरा मोठा करायला गेलं की 'र'च्या पोटाला जिन्याच्या पायऱ्या. माझ्या प्रिंटरची भाषा पोस्टस्क्रिप्ट, ती अक्षराचं वळण सांगायची, रेघ कुठून निघते आणि कशी वळते ते. एकदा सांगितलं की मुंगीएवढं काढ, नाहीतर भिंतीएवढं काढ, अक्षर तेच. ताईची गाणी वाचायला शिकणाऱ्या पोरांसाठी होती. पोरांना मोठं अक्षर लागतं. हे तेव्हाही सांगितलं होतं, पण तू ऐकलं असतंस तर तू राकेश कसला?

आणि एक दुरुस्ती. पुस्तक "काही आलं नाही" असं तू लिहितोस, जणू त्याची बस चुकली. ते आलं नाही कारण तू तुझी पानं घेऊन तरातरा निघून गेलास.

ताईचं वाचून मात्र बरं वाटलं नाही. ती विसरणाऱ्यातली नव्हती. माझ्या आईचं नाव, माझ्या शाळेचं नाव, मला कुठली भाजी आवडत नाही, सगळं तिच्या ध्यानात असायचं. फ्लॉपी शोधली. वाचायचं यंत्र लायब्ररीत मिळालं. फाइल धडधाकट आहे. उद्या रोशनीला मेल करतो. कुठल्याही प्रिंटरवर सुरेख निघेल, बघच तू.

पंडित


शिकागो,
२७ जानेवारी २०२५

प्रिय पंडित,

जय भीम. आज मी फार आनंदात आहे, म्हणून "प्रिय" कंसाशिवाय लिहिलं.

"कुठल्याही प्रिंटरवर सुरेख निघेल" या तुझ्या वाक्यावर विश्वास ठेवून रोशनीने तुझी फाइल ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरवर पाठवली आणि ती मीटिंगला गेली. त्या प्रिंटरला तुझी भाषा येत नाही, यार. त्याला वाटलं, हाच मजकूर. त्याने तुझा अख्खा प्रोग्रॅम, प्रत्येक वळणाचा प्रत्येक आकडा, इंग्रजीत जसाच्या तसा छापायला घेतला. रोशनी मीटिंगमधून आली तेव्हा ट्रे भरून पानं खाली ओघळत होती आणि तिची बॉस सुलेखा मॅडम एक पान हातात धरून उभी होती. ती बिचारी बेळगावची, मराठी चांगलं येतं तिला. तिने विचारलं, "हे काय आहे?" रोशनी म्हणाली, "मराठी बालगीतं."

पुढे कागद संपला म्हणून मशीन थांबलं, नाहीतर तुझा 'क' अजून छापून झाला नसता. सगळा गठ्ठा रोशनीने घरी नेला. ताईला त्यातलं काही कळलं नाही, पण पाठकोरे कागद पाहून ती खूश झाली. नात अनिका त्यावर चित्रं काढते.

आता माझ्या भागाचं सांगतो. तो मी सोमवारी पाठवणार आहे. पीसीएल आजही बहुतेक ऑफिसच्या प्रिंटरना समजतं. साधी भाषा टिकते. तुझी उच्च कोटीची होती, ती आता अनिकाच्या हत्तीच्या पाठीमागे आहे.

राकेश


एडिसन,
६ फेब्रुवारी २०२५

राक्या,

जय भीम. तुझा भाग छापून आल्याची बातमी तू लिहिली नाहीस. का बरं? मला रोशनीने फोटो पाठवला. "साधी भाषा टिकते" म्हणतोस, तर तुझ्या साध्या भाषेत ताईच्या गाण्याची पहिली ओळ अशी आली आहे: एक इंग्रजी डी, मग टक्क्याची खूण, मग एक वाय, मग डॉलर. पुढेही सगळी डॉलरांची खैरात. ओळी मात्र एकदम सरळ, समास नीट. कवायत उत्तम, फक्त कवायतीला माणसं नाहीत.

झालं काय ते मी तुला सांगतो, तुला कळलं असेलच, पण सांगण्यात मला मजा येते. तुझी देवनागरी अक्षरं वेगळ्या फ्लॉपीवर होती. ती आधी प्रिंटरला पाजायची, मग मजकूर पाठवायचा. अक्षरांची फ्लॉपी कुठे आहे? तळघरात, पाण्यात, बरोबर? म्हणजे तुझ्याकडे मजकूर आहे, अक्षरं नाहीत. माझी अक्षरं माझ्या फाइलच्या पोटातच आहेत. माझी फाइल फुकटच्या एका सॉफ्टवेअरने मी इथे घरी उघडली. हे बघ काय सुरेख दिसतं:

पिवळी बस आली दारी,
डब्यात माझ्या पिठलं-भाकरी.
शेजारचा राज विचारी, काय?
म्हटलं, चाखून बघतोस काय?

वाचून एकटाच हसलो. ते राज नावाचं कार्टं आठवतं का? ते रोज ताईकडेच जेवायचं.

आता गंमत ऐक. तुझ्या डॉलर-टक्क्यांकडे बघत बसलो होतो. आपण दोघांनी टायपिंगसाठी कळफलकाचा एकच तक्ता वापरला होता, कारण तो ताईने बसवला होता आणि तिच्यापुढे आपलं काही चालायचं नाही. म्हणजे तुझ्या फाइलमधला डी आणि माझ्या फाइलमधला डी एकाच अक्षराचा. तुझा मजकूर माझ्याकडे आला, तर त्याला मी माझी अक्षरं घालू शकतो. मी काही आग्रह करत नाही. पण दुसरा रस्ता तुला दिसत असेल तर कळव.

पंडित


शिकागो,
८ फेब्रुवारी २०२५

पंड्या,

जय भीम. दुसरा रस्ता दोन दिवस शोधला. नाही.

मजकूर सोबत जोडला आहे. माझ्या पोराला तुझा शर्ट घालून फोटो काढायचा प्रकार आहे हा, पण पोरगं उघडं फिरण्यापेक्षा बरं. एकच विनंती करतो. आपल्याकडे दोन महिने आहेत. तुझी अक्षरं जशी आहेत तशी चांगली आहेत. होय, चांगली आहेत, हे वाक्य छापून घे हवं तर. त्यांना आता हात लावू नकोस. तुला मी ओळखतो.

ताई काल फोनवर गात होती. बर्फाचं गाणं तिने धड निम्मंही म्हटलं नाही आणि इथे डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत वांगी कशी मिळतात ते विचारायला लागली. मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, एप्रिलपर्यंत तिला ही गाणी आपली म्हणून ओळखू आली पाहिजेत. मला भीती वाटते, पंडित. हे मी दुसऱ्या कुणाला लिहू शकत नाही.

राकेश


एडिसन,
१२ मार्च २०२५

प्रिय राकेश,

जय भीम. खुशखबर! तुझ्या बाजूची सगळी गाणी मराठीत आली. सगळं पुस्तक एका वळणाचं दिसतंय. आधीची पानं रोशनीला पाठवली, ती तिने ताईला कळू न देता विहाराच्या वर्गात मोठी करून लावलीही. पोरं बोट ठेवून वाचतात म्हणे.

शेवटचं गाणं तेवढं माझ्याकडे आहे. त्याचं असं झालं, की 'ण' मोठा करून पाहिला तेव्हा त्याच्या उभ्या काठीचं खालचं टोक किंचित बोथट वाटलं. ते नीट केलं, तर मग 'श' त्याच्या शेजारी परका दिसायला लागला. आता 'श' धरला की 'ळ' आलाच. मला वाटतं, घाई करण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तक काढलं तर? ताईला चांगलंच द्यायचं तर पूर्ण चांगलं देऊ.

पंडित


शिकागो,
१३ मार्च २०२५

पंडित,

एक्याण्णवच्या मार्चमध्ये तू मला हेच म्हणाला होतास. 'ळ'च म्हणाला होतास. मी पानं घेऊन निघून गेलो ते तुझ्या पोस्टस्क्रिप्टवर रागावून नाही. जयंतीच्या त्या रविवारी ताई नवीन साडी नेसून आली होती आणि दरवाज्याकडे बघत होती. तुला तो 'ळ' दिसत होता, मला ती दिसत होती.

ऑक्टोबरमध्ये पुस्तक असेल. ताईला ते कुणाचं आहे हे कळेल का, ते मला माहीत नाही.

शेवटची फाइल पाठव.

राकेश


एडिसन,
२५ मार्च २०२५

राकेश,

जय भीम. फाइल सोबत आहे. 'ण' बोथटच आहे. मी तुला दहा वेळा पत्र लिहून खोडलं, म्हणून उशीर झाला. त्यातली कुठलीच पत्रं चांगली झाली नव्हती.

साडी निळी होती. मलाही दिसली होती.

पंडित


शिकागो,
२९ मार्च २०२५

पंड्या,

जय भीम. फाइल उघडली. सगळं सुरळीत चाललं आणि शेवटचं पान आलंच नाही. कोरंसुद्धा नाही. यंत्राने सगळं मुकाट ऐकून घेतलं आणि गप्प बसलं.

मी आधी तुझ्या नावाने खडे फोडले. वाटलं, मुद्दाम केलंस. मग फाइल वाचायला घेतली. हो, वाचायला. इतकी वर्षं कुणाला बोललो नाही, पण तू निघ... मी निघून आल्यावर काही वर्षांनी माझ्याच कंपनीने आपल्या प्रिंटरमध्ये तुझी भाषा घालायचं ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी पोस्टस्क्रिप्ट शिकलो, पंडित. पुढे त्यावरच माझं घर चाललं. चांगली भाषा आहे. हे वाक्य मात्र छापू नकोस.

तर तुझ्या फाइलमध्ये प्रत्येक पानाच्या शेवटी "शोपेज" आहे, म्हणजे "झालं, आता पान बाहेर काढ" हा हुकूम. फक्त शेवटच्या पानाला नाही. तो शब्द मी लिहिला. पान आलं. तुझा बोथट 'ण' मी भिंग लावून बघितला, मला काही बोथट दिसला नाही. फाइल डेव्हनवरच्या आपल्या ओळखीच्या प्रेसला दिली आहे. आता तुला हात लावता येणार नाही.

तेराला येतोयस ना? विमानाचं तिकीट काढ. तुझं ड्रायव्हिंग मला माहीत आहे.

राकेश


एडिसन,
३० मार्च २०२५

राक्या, हरामखोरा!

जय भीम. वाचून खुर्चीतून उठलो. माझी भाषा शिकलास, तिच्यावर घर चालवलंस आणि मला एक पोस्टकार्ड नाही? थँक्सगिव्हिंगच्या कॉलवर "ठिपके काय वाईट होते" म्हणून माझ्याशी भांडलास ते कोणत्या तोंडाने?

तो हुकूम विसरून राहिला नव्हता, तर तो मी कधी लिहिलाच नव्हता. ते पान झालं असं मला एकदाही वाटलं नाही. एक्याण्णवमध्ये नाही आणि परवाही नाही. फाइल पाठवताना ते ध्यानात आलं नाही, कारण जे कधी लिहिलं नाही त्याची आठवण कशी येणार? तू लिहिलंस ते बरं केलंस. माझ्याच्याने झालं नसतं.

तिकीट काढलं. विमानतळावर न्यायला येऊ नकोस, तुझं ड्रायव्हिंगही मला माहीत आहे.

पंडित


डब्लिन, ओहायो,
२० एप्रिल २०२५

चि. राकेश आणि चि. पंडित,

जय भीम आणि अनेक आशीर्वाद. दोघांना एकच पत्र पाठवते, कोणाला आधी मिळालं यावरून वाद नको. रोशनीने टाइप करून दिलंय, पण मजकूर माझा आहे.

पुस्तक उशाशी आहे. रोज उघडते. तुम्ही दोघांनी मला ते हातात दिलं तेव्हा मी काही बोलले नाही, म्हणून राकेशचा चेहरा उतरला, आणि तो पंडितच्या कानात "ओळखलं नाही तिने" म्हणाला. माझे कान शाबूत आहेत, बाळा.

तर ऐका. मी काहीही विसरले नव्हते. कडवी गाळत होते, कारण मला ती आवडेनाशी झाली होती. चाळिशीच्या आतबाहेर लिहिलेली गाणी आहेत ती. आता वाचताना कुठे यमकासाठी ओढाताण दिसते, कुठे रडगाणं. बर्फाच्या गाण्याचं शेवटचं कडवं तर मला फारच बावळट वाटायचं. मुलांच्या गाण्यात आईने रडायचं काय काम? म्हणून सोडून द्यायचे. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण तुम्ही दोघं काही विचारणारे नाही, थेट छापणारे. आणि पंडित, मलाही गाणी दुरुस्त करायची होती. तू म्हणालास तसं ऑक्टोबरपर्यंत थांबला असतात तर निम्मी बदलली असती. बरं झालं राकेशने ऐकलं नाही.

आता जे सांगायला बसले ते सांगते, कारण तुम्ही तिथे नव्हतात. जेवणाआधी मुलांची गाणी होती, आणि तेव्हाच तुम्ही दोघं कसलीशी चर्चा करायला म्हणून बाहेर गेलात.

मी खुर्चीवर बसले होते. मला वाटलं, आता मला पुढे बोलावतील आणि नेहमीसारखं मी म्हणेन, मुलं मागून म्हणतील. पण अनिका आणि बाकीची पोरं माझ्यासमोर ओळीने उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात पुस्तक. उच्चार अमेरिकन, 'ळ'चा 'ल' करत होती, पण बोट ठेवून एक एक शब्द वाचत होती. आणि त्यांनी सगळं गाणं म्हटलं, कारण त्यांना कुठलं कडवं गाळायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

बर्फ साचला दारोदारी,
आई खिडकीच्या शेजारी.
आई गं, तू रडू नको,
एकटी अशी बसू नको.
माझा हातमोजा घे,
माझ्यासंगं अंगणी ये.

ते मी एडिसनच्या पहिल्या हिवाळ्यात लिहिलं होतं. तेव्हा रोशनी दोन वर्षांची होती, दिवसभर घरात आम्ही दोघीच, आणि खिडकीशी मीच बसायचे. मी सगळ्यांच्या मुलांना गाणी म्हणून दाखवली, पण माझं गाणं मला कधी कुणी म्हणून दाखवलं नव्हतं. ती पोरं माझ्याकडे बघून म्हणत होती, रडू नको. मी रडले. बावळट नव्हतं रे ते कडवं. मला खूप आवडलं.

मग अनिकाने माझा हात धरला आणि खरंच मला बाहेर घेऊन गेली. बाहेर पार्किंगमध्ये तुम्ही दोघं. पंडित पुस्तक डोळ्यांजवळ धरून कुठल्या तरी अक्षराचं टोक दाखवतोय, राकेश दोन्ही हात वर करून ओरडतोय, "अबे, छापून झालं आता!" आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता. तुमचं लक्षच नव्हतं आमच्याकडे. मी गाडीला टेकून उभी राहिले आणि ऐकत राहिले. किती वर्षांनी तो गोंधळ कानावर पडला.

अनिका घाबरली. म्हणाली, "आजी, आर दे फायटिंग?"

मी म्हटलं, नाही गं. बोलायला लागलेत.

तुमची,
ताई